पालघर-तारापूर प्रांताची पूर्वस्थिति: साधनांची चिकित्सा

१

ठाणें जिल्ह्याचें विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. या जिल्ह्यांत हल्लीं एका विशिष्ट प्रकारचीं लोककार्यें ठिकठिकाणीं चाललेलीं आढळतात. पावसाळा सरतांच ओढ्यांवर मातीच्या गोण्यांचे वनराई बंधारे श्रमदानानें घातले जातात. खाडीकांठीं तिवर व कांदळ यांचीं रोपें लाविलीं जातात. समुद्रतीरीं सुरूच्या रांगा उभ्या केल्या जातात. तळ्यांतील गाळ उपसला जातो. आणि डोंगराळ भागांतील ग्रामसभा आपल्या सामायिक वनाची राखण स्वत: करूं लागल्या आहेत. या सर्व कामांच्या मुळाशीं एकच शब्द आहे, तो म्हणजे ‘पूर्ववत्’. नदी पूर्ववत् करावयाची, रान पूर्ववत् करावयाचें, किनारा पूर्ववत् करावयाचा. हा शब्द कार्यकर्त्याच्या तोंडचा असला तरी त्याचा अर्थ ठरविणें हें इतिहाससंशोधकाचें काम आहे. पूर्व म्हणजे केव्हां? ती स्थिति कोणत्या साधनांवरून सिद्ध होते? आणि त्या साधनांची योग्यता काय? हे तीन प्रश्न न विचारतां केलेलें काम सद्भावनेचें असेल. परंतु त्यानें पूर्वस्थिति परत आली असें म्हणतां येणार नाहीं. प्रस्तुत लेखांत या प्रांताच्या पूर्वस्थितीचीं प्रमुख साधनें तपासून, त्या प्रकाशांत चालू कामांचें परीक्षण करण्याचें योजिलें आहे. हा प्रश्न केवळ पांडित्याचा नाहीं, त्यावर आज जिवंत माणसांचे हक्क अवलंबून आहेत, हें लेखाच्या शेवटीं दिसून येईल.

२

या प्रांताच्या नद्यांविषयींचा अतिप्राचीन लेखी पुरावा प्रांताबाहेर, नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत सांपडतो. क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात याच्या दानांची याद तेथील दहाव्या लेण्यांत कोरलेली आहे. इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा व दाहनुका या सहा नद्यांवर त्यानें नावांची विनामूल्य ये-जा चालू केली आणि त्यांच्या दोन्ही तीरांवर सभा व पाणपोया बांधिल्या, असें त्या लेखावरून समजतें. दाहनुका म्हणजे डहाणूची नदी, हें सामान्यत: मान्य आहे. त्याच लेखांत नानंगोल गांवचीं बत्तीस हजार नारळीचीं झाडें शूर्पारक वगैरे चार स्थळींच्या चरकपरिषदांस दिल्याचा उल्लेख आहे. नानंगोल हें डहाणूच्या उत्तरेचें, हल्लीं गुजरातेंत असलेलें, नारगोळ होय असें समजलें जातें.

या एका लेखावरून दोन गोष्टी निघतात. पहिली ही कीं, सुमारें एकोणीसशें वर्षांपूर्वीं डहाणूच्या नदीवर उतारूंस नाव लागत असे. परंतु येथें थोडी सावधगिरी ठेविली पाहिजे. नाव लागे यावरून उताराच्या जागीं पात्र रुंद होतें एवढेंच सिद्ध होतें. वरच्या अंगास बारमाही प्रवाह होता असें सिद्ध होत नाहीं, कारण समुद्राजवळच्या नदीस भरतीचें पाणीहि नाव तरंगण्यापुरतें पुरवितें. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. बत्तीस हजार नारळी म्हणजे रान नव्हे, ती लागवड आहे. अर्थात् हा किनारा त्या काळींहि मनुष्याच्या हातानें लाविलेला व राखलेला होता. ‘मूळचा किनारा’ म्हणजे मनुष्याचा स्पर्श न झालेला किनारा असें जे समजतात, त्यांस एकोणीसशें वर्षांच्याहि पलीकडे जावें लागेल, आणि तेथें त्यांच्या हातीं एकहि लेख लागणार नाहीं.

दुसरें साधन तर तारापुराच्या अगदीं शेजारचें आहे. तारापूरच्या खाडीपलीकडील चिंचणी येथें १९५५ सालीं ताम्रपट सांपडले आणि दिनेशचंद्र सरकार यांनीं ते ‘एपिग्राफिया इंडिका’च्या बत्तिसाव्या खंडांत प्रसिद्ध केले. त्यांपैकीं राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळचा पट शके ८४८, म्हणजे इ. स. ९२६ चा आहे. त्या वेळीं संयान, म्हणजे संजाण, येथील मंडलावर मधुमति उर्फ सुगतिप नांवाचा ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी होता. त्यानें दोन प्रवाहांवर धर्मार्थ नाव चालू केली व लोकांसाठीं अन्नसत्र घातलें, असें त्या पटांत सांगितलें आहे. सत्रांत साळीचा भात व तूप वाढलें जात असे हा तपशील संशोधकास क्षुल्लक वाटूं नये. ज्या भूमीवर साळ पिकते तेथें पाण्याची वांटणी, बांध व खाचरें आलींच. उषवदाताच्या आणि मधुमतीच्या दानांमध्यें आठशें वर्षांचें अंतर आहे. दाते भिन्न वंशांचे, भिन्न धर्मांचे. परंतु लोकोपयोगी दान म्हणून दोघांसहि सुचली ती नावच. या प्रांतांत पाणी हाच रस्ता व पाणी हाच अडथळा होता, हें याहून स्पष्टपणें कोणता लेख सांगेल?

तिसरें साधन दगडांचें आहे. सोपारें येथील स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८२ सालीं उकरिला. अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडाहि त्यांनींच उजेडांत आणला, आणि नवव्या शासनाचा तुकडा पुढें १९५६ सालीं जवळच्या भुईगांव येथें सांपडला. जेथें एके काळीं जहाजें लागत तें सोपारें आज गाळानें समुद्रापासून दुरावलें आहे. सोपाऱ्याचा धडा असा कीं, किनारा ही स्थिर वस्तु नाहीं. गाळ येतो, खाडी बुजते, मुख सरकतें. ज्या रेषेस आपण मूळ किनारा म्हणतों ती पुष्कळदां कोणत्या तरी एका पाहणी-नकाशाची रेषा असते, एवढेंच.

३

आतां बखरीकडे वळूं. ‘महिकावतीची बखर’ कै. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनीं १९२४ सालीं संपादून प्रसिद्ध केली, हें वाचकांस विदित आहेच. महिकावती म्हणजे केळवें-माहीम कीं मुंबईचें माहीम, या वादांत येथें शिरण्याचें प्रयोजन नाहीं. बखर एकहातीं नाहीं. निरनिराळ्या काळीं लिहिलेलीं प्रकरणें एकत्र बांधलेलीं आहेत, आणि त्यांतील जुना भाग पंधराव्या शतकाच्या मध्याचा आहे. उत्तर कोंकणच्या भूमीविषयीं बोलणारे बहुतेक लेखक या बखरीचा आधार घेतात. म्हणून तिची या दृष्टीनें चिकित्सा होणें अगत्याचें आहे.

बखरीचा हेतु वतनांचा व कुळांचा निवाडा करणें हा आहे. बिंब राजा आला, त्याच्याबरोबर कोणतीं कुळें आलीं, कोणास कोणते गांव मिळाले, हें तिला सांगावयाचें आहे. अशा लेखनांत देश पूर्वीं ओसाड होता असें दाखविणें ओघानेंच येतें, कारण वसाहत करणाऱ्याचा हक्क भूमि रिकामी असण्यावर उभा राहतो. वतनाच्या कागदांशीं ज्यांचा परिचय आहे त्यांस ही रीत नवी नाहीं. ‘गांव पडिला होता, आमच्या वडिलांनीं वसविला’ हा युक्तिवाद शेंकडों महजरांत आढळतो. तेव्हां ओसाडपणाचा उल्लेख हा भूमीच्या स्थितीचा पुरावा नसून दाव्याच्या स्वरूपाचा पुरावा आहे. कोळी, वारली, कातकरी हे लोक या भूमीवर होतेच. राजवाड्यांनीं आपल्या प्रस्तावनेंत त्यांचा विचार मुद्दाम केला आहे. बखरकाराचें मौन संपादकानें भरून काढलें, हें राजवाड्यांच्या व्यापक दृष्टीस शोभण्यासारखेंच झालें. परंतु मौन भरून काढणें निराळें आणि साक्ष मिळणें निराळें. बखरींतून गांवांचीं नांवें व वसाहतीचा क्रम घ्यावा. रानें किती होतीं, ओढे कोठून वाहत होते, हें तिला विचारूं नये.

गांवांच्या नांवांचा पुरावा मात्र बखरीपेक्षां कांहीं बाबतींत बोलका आहे. पालघरच्या पश्चिमेस खारेकुरण नांवाचें गांव आहे. नांव पाहतां खाऱ्या जमिनीवरील गवताचें कुरण असाच त्याचा अर्थ होतो. वडराई या नांवांत वडांची राई दिसते, चिंचणींत चिंच दिसते. स्थलनामांची व्युत्पत्ति हा निसरडा मार्ग आहे आणि त्यावर एकट्यानें भार टाकूं नये. तथापि जेथें नांव, जमिनीची जात व वृद्धांची आठवण हीं तिन्ही जुळतात तेथें त्या पुराव्यास वजन येतें. शिवाय चिंच हा वृक्ष मूळचा आफ्रिकेचा आहे. ज्या झाडावरून गांवास नांव पडलें तेंच मुळांत परदेशी! ‘देशी’ आणि ‘विदेशी’ यांची रेघ शाळेंतल्या पाटीवर ओढावी तितक्या सहज भूमीवर ओढतां येत नाहीं, हें यावरून ध्यानीं येईल.

४

पोर्तुगीज, पेशवे व इंग्रज या तीन राजवटींच्या कागदांविषयीं आतां थोडक्यांत पाहूं. या तिन्ही दप्तरांत विपुल माहिती आहे, परंतु प्रत्येक दप्तराचा डोळा वेगळा आहे. पोर्तुगीजांच्या कागदांत महसूल, किल्ले आणि जहाजांसाठीं लागणारें लांकूड दिसतें. अशेरीच्या परिसरांतील सागवानाची त्यांस महती होती, ती गलबतांसाठीं. १७३९ च्या जानेवारींत मराठ्यांनीं माहीम, तारापूर वगैरे ठाणीं घेतलीं. तारापूरच्या हल्ल्यांत बाजी भिवराव पडले. पेशवे दप्तरांतून निवडलेले या मोहिमेचे कागद आपणांपुढें आहेत. लष्करी पत्रांत खाडी येते ती फौजेची वाट अडविते म्हणून. ती कोणत्या झाडांनीं वेढलेली होती हें सरदारास लिहिण्याचें कारण नव्हतें.

इंग्रजी अमदानींत माहिती वाढली आणि दृष्टि अधिक अरुंद झाली. १८८२ चें ठाणें जिल्ह्याचें गॅझेटियर, खंड तेरा व चौदा, हें कोणत्याहि अभ्यासकास टाळतां येणार नाहीं. त्यांत हल्लींचा पालघर तालुका ‘माहीम’ या नांवाखालीं आहे. पिकें, मासे, मिठागरें, खाड्या, बंदरें यांचें त्यांतील वर्णन आजहि अत्यंत उपयोगी आहे. परंतु रानांच्या बाबतींत त्या काळच्या सरकारी लेखनाचा एक ठरीव ग्रह आहे: रान घटलें त्याचा दोष राब भाजणाऱ्या कुणब्याच्या व वारल्याच्या माथीं. भाताच्या रोपांची जमीन भाजण्यासाठीं झाडांच्या फांद्या तोडल्या जात, हें खरें. पण त्याच काळांत, १८६४ सालीं, मुंबई ते अहमदाबाद हा लोहमार्ग या प्रांतांतून सुरू झाला आणि येथील लांकडास दूरची बाजारपेठ उघडली, हेंहि तितकेंच खरें. राबाचा व जंगलहक्कांचा प्रश्न इतका पेटला कीं १८८५ सालीं मुंबई सरकारास जंगल कमिशन नेमावें लागलें आणि १८८७ सालीं त्याचा अहवाल निघाला. त्यांतील रयतेच्या साक्षी व सरकारी मतें हीं एकाच ग्रंथांत असलीं तरी एकाच योग्यतेचीं नाहींत. चिकित्सकानें तीं वेगळीं वाचलीं पाहिजेत.

सारांश, ज्या हातांस रान ठाऊक होतें ते हात लिहीत नव्हते, आणि जे हात लिहीत होते त्यांस रान हें उत्पन्न म्हणून ठाऊक होतें. सिमिंग्टन यांनीं १९३९ च्या आपल्या अहवालांत या प्रांतांतील आदिवासींच्या वेठीची व कर्जाची स्थिति मांडली, आणि १९४५ सालीं वारल्यांचा उठाव झाला. त्यांच्या बाजूचे कागद तेव्हांपासून कोठें दिसूं लागतात. त्यापूर्वींची त्यांची साक्ष गाण्यांत, पूजेंत व स्थळांच्या नांवांत आहे. हिरवा देव, वाघ्या व कणसरी या देवतांच्या जागा कोठें आहेत याची जर कोणी नीट यादी केली, तर ती या प्रांताच्या रानांची एक जुनी सीमापत्रिकाच ठरेल.

५

ही साधनें एकत्र ठेविलीं असतां असा प्रश्न उभा राहतो: यांतील कोणत्या काळची स्थिति मूळ समजावी? येथें पोथ्या जमविणाऱ्यांस त्यांचाच अनुभव उपयोगी पडेल. एखाद्या ग्रंथाच्या दहा प्रती मिळतात, मूळ प्रत मिळत नाहीं. अशा वेळीं अनाडी संपादक सर्वांत जुनी दिसणारी प्रत घेतो आणि बाकीच्या पाठांवर हरताळ फिरवितो. जाणता संपादक तसें करीत नाहीं. तो प्रतींची वंशावळ लावितो आणि ज्या पाठावरून इतर पाठ कसे उत्पन्न झाले हें उलगडतें, तो पाठ स्वीकारतो.

खाजण जमिनीचें उदाहरण घ्या. भरतीचें पाणी जेथें पसरे तेथें प्रथम तिवर, कांदळ व चिपी वाढत. कोठें नुसता चिखल, कोठें खारें गवत असे. मग शेतकऱ्यांनीं बांध घालून भरती अडविली आणि पावसाच्या पाण्यानें खार धुऊन भाताचीं खाचरें केलीं. हें काम पिढ्यान् पिढ्या गांवकीनें चालविलें. बांध फुटला कीं सर्वांनीं धांवावें अशी रीत होती. पुढें सरकारनें १९४८ सालीं मुंबई खारजमीन कायदा व १९७९ सालीं महाराष्ट्र खारजमीन विकास कायदा करून ही जबाबदारी बहुतांशीं आपल्याकडे घेतली. जेथें बांधांची निगा सुटली तेथें भरती आंत आली आणि तिवर परत उगवले. १७ सप्टेंबर २०१८ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें खारफुटीचा नाश हा बेकायदा ठरविला, मग जमीन खाजगी मालकीची कां असेना. म्हणजे आज एकाच शेताच्या तुकड्यावर तीन लेख एकावर एक आहेत: आधींचें कांदळवन, नंतरचें भातखाचर, आणि पुन्हा आलेलें कांदळवन. यांतील पूर्ववत् कोणतें?

आमच्या मतें उत्तर असें आहे. तिन्ही पाठ ज्यावरून उलगडतात तो मूळ पाठ म्हणजे पाण्याची वाट. भरती किती आंत येई, गोडें पाणी कोठून उतरे, गाळ कोठें बसे, ही हालचाल मूळ. वरचें रान अथवा शेत हें त्या हालचालीवरचें भाष्य. म्हणून पूर्वस्थिति आणावयाची तर ती चित्राची न आणतां पाण्याच्या चालीची आणावी. हें मत निव्वळ तर्काचें नाहीं. फिलिपाइन्स देशांतील खारफुटीच्या लागवडीविषयीं २००८ सालीं जें परीक्षण प्रसिद्ध झालें त्यांत लक्षावधि रुपये व रोपें खर्चूनहि दीर्घ काळ टिकणाऱ्या रोपांचें प्रमाण सामान्यत: शेंकडा १० ते २० एवढेंच आढळलें, आणि त्याचें मुख्य कारण हें कीं रोपें अयोग्य जागीं, अयोग्य जातीचीं, उघड्या चिखलावर लाविलीं गेलीं. उलट जेथें अडलेली भरती मोकळी होते तेथें पाण्याबरोबर बीं आपोआप येतें व रुजतें. ज्या भूमीचें नांवच खारेकुरण आहे अशा ठिकाणीं कांदळ लावण्यापूर्वीं तेथें कांदळ कधीं होता काय, हा प्रश्न विचारणें म्हणूनच आवश्यक आहे. मोकळ्या चिखलाचेंहि स्वत:चें जीवन आहे. शिंपल्या, निवट्या व परदेशांतून येणारे पाणपक्षी त्यावरच जगतात.

६

आतां चालू कामांचें परीक्षण करूं. किनाऱ्यावरील सुरूची लागवड वाऱ्यास व वाळूस अडविते, पर्यटकास सांवली देते, हें खरें. केळव्याची सुरूची राई प्रसिद्धच आहे. परंतु सुरू हा या किनाऱ्याचा मूळ वृक्ष नव्हे आणि त्याच्या गळलेल्या सुयांच्या थराखालीं दुसरें फारसें कांहीं उगवत नाहीं. ज्यांस वाळूचा मूळ बांध परत उभा करावयाचा आहे त्यांनीं मर्यादवेल, केवडा, उंडी व करंज यांकडे पाहावें. मर्यादवेलीचें नांवच सांगतें कीं समुद्राची मर्यादा कोठें आहे हें लोकांनीं कोणत्या खुणेवरून ओळखलें होतें. सुरू लावूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. सुरू लावून त्यास पूर्वस्थिति म्हणूं नये एवढेंच म्हणणें आहे.

जव्हार-मोखाड्याकडील वाड्यांविषयींहि असेंच म्हणतां येईल. बायफ संस्थेनें आदिवासी कुटुंबांच्या उतारावरील जमिनींत आंबा व काजू यांच्या वाड्या उभ्या केल्या. त्यामुळें कित्येक कुटुंबांचें हंगामी स्थलांतर थोपलें, हें मोठें काम आहे. परंतु काजू पोर्तुगीजांबरोबर ब्राझीलमधून आला. वाडी ही उपजीविकेची योजना आहे आणि त्या नांवानेंच ती गौरवास पात्र आहे. तिच्यावर रानाचें नांव चढविल्यास वाडीचाहि अपमान होतो आणि रानाचाहि. रानाचें काम मात्र निराळें दिसतें. जेथें ग्रामसभेनें तोड व वणवा थांबविला तेथें ऐन, साग, खैर, हेद, कळंब यांचे जुने खुंट स्वत:च फुटतात. जमिनीखालीं मूळ जिवंत असतां वर नवें रोप लावणें, हें अस्सल पत्र हातीं असतां त्याची नक्कल वाचण्यासारखें आहे.

वनराई बंधाऱ्यांचा विचार करतां एक विरोध डोळ्यांपुढें येतो. या डोंगराळ भागांत पाऊस वर्षास दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पडतो, आणि तरी चैत्र-वैशाखांत पाड्यांवर हंड्यांच्या रांगा लागतात. उतार तीव्र, खालीं काळा कातळ, माती थोडी. पाणी पडतें आणि सूर्या, पिंजाळ, वैतरणा यांच्या वाटेनें निघून जातें. सूर्येवर धामणी येथें मोठें धरण आहे, परंतु त्याचें पाणी खालीं उतरतें, वरच्या पाड्यांस तें चढत नाहीं. अशा स्थितींत गोण्यांचा बंधारा हा दोन-तीन महिन्यांचाच उपाय असला तरी तो लोकांच्या हातांतला उपाय आहे. दोष एवढाच कीं पुष्कळ ठिकाणीं बंधाऱ्यांची गणती होते, पाण्याची होत नाहीं. कोणत्या ओढ्याचें पाणी पूर्वीं कोणत्या महिन्यापर्यंत टिके आणि आतां कोणत्या महिन्यापर्यंत टिकतें, याची नोंद गांवाच्या वहींत झाली तर पंचवीस वर्षांनंतरच्या संशोधकास ती बखरीहून मोलाची वाटेल.

७

बोईसर-तारापूरची गोष्ट या सर्वांहून वेगळी आहे. तारापूरचें अणुवीजकेंद्र १९६९ सालीं सुरू झालें; शेजारीं औद्योगिक वसाहत वाढली, तींत रासायनिक व औषधी कारखाने मोठ्या संख्येनें आले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २०१८ सालीं देशांतील औद्योगिक क्षेत्रांचा जो निर्देशांक काढला त्यांत तारापूर ९३.६९ गुणांनीं सर्वांत वर होतें. त्यापूर्वींच, २०१६ सालीं, मांगेला समाजाच्या परिषदेनें राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढें दाद मागितली होती. नवापूर, दांडी, मुरबें या बाजूच्या मच्छीमारांचें गाऱ्हाणें असें कीं, सांडपाण्यानें खाड्या नासल्या व मासे गेले.

येथें चिकित्सकानें एक भेद ओळखला पाहिजे. नारळी, भातखाचर, चिंच, काजू, फार काय सुरूसुद्धां, हे या भूमीच्या पोथींतले पाठभेद आहेत. त्यांची तारतम्यानें निवड करितां येते. विषारी सांडपाणी हा पाठभेद नव्हे, ती वाळवी आहे. पोथीस वाळवी लागली असतां कोणी तिला नवें वेष्टन शिवीत बसत नाहीं. ज्या नाल्यांतून रसायनें वाहतात त्याच्या कांठीं झाडें लावून फलक उभारणें हें वेष्टन शिवण्यासारखें आहे. प्रथम वाळवी थांबवावी, मग पानें सांधावीं, हा क्रम उलटा होतां कामा नये. आणि या खाड्यांची पूर्वस्थिति ठरविण्यास ताम्रपटांची वाट पाहावी लागत नाहीं. ज्यांनीं तेथें स्वत: जाळीं टाकिलीं असे साक्षीदार अद्याप हयात आहेत. कोणता मासा कोणत्या नक्षत्रास कोणत्या मुखाशीं मिळे, हें त्यांस विचारून, नांव-गांव-तिथि घालून लिहून ठेवणें हें एका पिढीचें काम आहे, आणि ती पिढी सरत चालली आहे.

शेजारच्या डहाणू तालुक्याचा अनुभव येथें बोधप्रद आहे. १९९१ सालीं केंद्र सरकारनें तो तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला आणि १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानें न्यायमूर्ति चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालीं प्राधिकरण स्थापन झालें. त्या प्राधिकरणानें वाढवण येथील बंदराची योजना १९९८ सालीं नाकारली होती. २०२३ सालीं त्याच प्राधिकरणानें बंदरास संमति दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजीं पालघर येथें त्याचा पायाभरणी समारंभ झाला. बंदर व्हावें कीं न व्हावें हा या त्रैमासिकाचा विषय नव्हे. परंतु वाढवणचें शंखोदर, तेथील खडकाळ किनारा, शंख-शिंपले व मासे यांचें वर्णन काम पुरें होण्यापूर्वीं साधार लिहिलें गेलें नाहीं, तर शंभर वर्षांनीं त्याच्याविषयीं दोन बाजू दोन बखरी लिहितील आणि निवाडा करण्यास तिसरें साधन नसेल.

८

राहिलें एक साधन, जें आपल्या काळीं निर्माण होत आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानें प्रत्येक स्थानिक संस्थेनें लोक-जैवविविधता नोंदवही करावी असें ठरलें. कल्पना उत्तम. परंतु कित्येक वर्षें काम रेंगाळल्यावर हरित न्यायाधिकरणानें ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून पुढें दरमहा दंड सांगितला, आणि देशभर नोंदवह्या घाईनें पुऱ्या झाल्या. मुदतीच्या धाकानें झालेल्या दस्तऐवजाची योग्यता काय असते हें या वाचकांस सांगणें नको. ज्या नोंदवहींत सांगणाऱ्याचें नांव नाहीं, स्थळ नाहीं, तिथि नाहीं, स्थानिक नांव नाहीं, आणि शेजारच्या गांवची यादी अक्षरश: उतरलेली आहे, ती नोंदवही बनावट महजराहून अधिक योग्यतेची नाहीं. जिच्यांत या गोष्टी आहेत ती मात्र उद्याचें अव्वल साधन आहे. दोहोंस एकाच कपाटांत समान मान मिळूं नये.

शेवटीं वाचकांच्या संग्रहांविषयीं. २००६ च्या वनहक्क कायद्यानें गांवास आपल्या सामायिक वनाचें रक्षण व पुनरुज्जीवन करण्याचा हक्क दिला आहे. तो हक्क सिद्ध करण्यास काय पुरावा चालतो, हें २००८ च्या नियमांपैकीं तेराव्या नियमांत सांगितलें आहे. गॅझेटियर, जनगणना, पाहणी व जमाबंदीचे अहवाल, नकाशे, जंगलांच्या कार्ययोजना, पूर्वींच्या संस्थानांनीं दिलेले हक्कांचे लेख, रीतिरिवाजांवरील संशोधन, जुन्या तळ्यांच्या व देवराईंच्या खुणा, आणि दावेदाराखेरीज इतर वृद्धांचे लेखी जबाब, हे सर्व त्यांत येतात. म्हणजे ज्या कागदांस आपण संग्रहाचें भूषण मानतों तेच आज एखाद्या पाड्याच्या रानाचा दाखला होऊं शकतात. जव्हारचें मुकणे संस्थान १९४८ सालीं विलीन झालें. त्या संस्थानाचे जंगलाविषयींचे कागद, माहीम तालुक्याचे जुने गांव-नकाशे, खाजणाच्या बांधांचे करार, हद्दींचे तंटे, हे कित्येक रुमालांत खाजगी घरांतून पडून आहेत आणि कोंकणचा दमट पावसाळा त्यांस दरवर्षीं थोडेथोडे खातो.

तेव्हां आमची सूचना अशी. ज्यांच्या संग्रहीं या प्रांताचे असे कागद असतील त्यांनीं त्यांची यादी करावी, गांवाचें नांव, तिथि व विषय घालून ती प्रसिद्ध करावी, आणि संबंधित ग्रामसभेनें नक्कल मागितल्यास ती द्यावी. अस्सल कागद कोणी हातचा सोडूं नये, नक्कल पुरे. उलट लोककार्य करणाऱ्या मंडळींनीं ओढ्यास अथवा खाडीस हात लावण्यापूर्वीं पाण्याची जुनी वाट कोणती, हें नकाशावरून, नांवांवरून व वृद्धांच्या तोंडून अशा तीन साधनांनीं ठरवावें, आणि त्यांतील दोन जुळल्याखेरीज ‘पूर्ववत्’ हा शब्द वापरूं नये. एवढें झालें तर कागद कपाटांत आणि ओढा उन्हांत, अशी जी आज दोहोंची ताटातूट आहे ती कांहीं अंशीं तरी मिटेल. इत्यलम्.